ढोमणे मास्तरांची नाताळची प्रार्थना

गुढियारीतले आमचे शेजारी गंगाधर ढोमणे, निवृत्त स्टेशन मास्तर, दोन गोष्टी कधी माफ करत नसत: उशिरा येणारी गाडी आणि न विचारता लग्न करणारा मुलगा. गाडीबद्दल ते निदान बोलत तरी. मुलगा इंद्रजीत लष्करात ड्रायव्हर होता. त्याने एका ख्रिस्ती नर्सच्या मुलीशी, मीराशी, कोर्टात लग्न केलं आणि त्या दिवसापासून दोन वर्षं मास्तरांनी त्याचं नाव उच्चारलं नाही. अगदीच अडलं तर बायकोला म्हणत, "तुझा पोट्टा."

सुनेला मात्र त्यांनी स्वतः जाऊन घरी आणलं. नवरा फौजेत, पोरगी एकटी कुठे राहणार? चूक स्टाफची होती, प्रवाशाची नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

आमचं नवं राज्य वेगळं होऊन वर्ष झालं होतं. मंत्र्यांच्या गाड्यांसाठी रस्ता अडवतात, एवढाच बदल आमच्यापर्यंत पोचला होता. त्या डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि फौजा सीमेकडे निघाल्या. नाताळला येणाऱ्या इंद्रजीतची सुट्टी रद्द झाली. त्यानंतर आठ दिवस ना फोन, ना पत्र.

अशात सण करावा की नाही, हे मीराने भीत भीत सासूला विचारलं. वनमालाबाई म्हणाल्या, "काहून नाही? सण आला तर करा लागते." त्यांनी दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि शेपट्यांसकट दारात टांगला. मग चकल्या तळल्या, कारण चकल्यांशिवाय सण त्यांना ठाऊक नव्हता. मीराने कुकरमध्ये केक केला. त्यात अंडं आहे का, हे वनमालाबाईंनी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

दुपारी साडेबाराला पानं वाढली; शेजारीण म्हणून मलाही जेवायला बोलावलं होतं. तेवढ्यात मीरा म्हणाली, "बाबूजी, हमारे यहाँ खाने से पहले घर के बड़े प्रार्थना करते हैं. दुनिया में जो-जो तकलीफ में है, सबका नाम लेकर."

मास्तर आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवणारे. पण नेमून दिलेल्या कामाला त्यांनी जन्मात नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली, आठवड्याची वर्तमानपत्रं चाळली, एका जुन्या डायरीत काहीबाही लिहिलं आणि चष्मा लावून उभे राहिले.

"अफगाणिस्तान. लढाई चालू. लोक थंडीत तंबूत आहेत. न्यूयॉर्क. ढिगारा उचलणं चालू. भूज. भूकंपाले अकरा महिने झाले, घरं अजून अर्धवट."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही प्रार्थना नव्हती. पाळी संपली की एक मास्तर दुसऱ्याला चार्ज देतो, कुठली लाइन अडली, कुठली गाडी कुठे खोळंबली ते सांगतो. तसा हा माणूस देवाला चार्ज देत होता.

"अर्जेंटिना. दंगे."

"तिथं आपलं कोण आहे जी?" वनमालाबाई हळूच म्हणाल्या.

"मधात बोलू नको. चार्ज देणं सुरू आहे."

भात निवत होता. मला सपाटून भूक लागली होती आणि अर्जेंटिनाचं मला काडीचंही पडलेलं नव्हतं. पण मीराकडे लक्ष गेलं. डोळे मिटलेले, पदराचं टोक मुठीत. ती एकाच नावाची वाट बघत होती.

"राजस्थानची सीमा," मास्तर म्हणाले आणि थांबले. मीराने डोळे उघडले. "फौजा जमा झाल्या. गावं खाली करून राहिले." त्यांनी पान उलटलं. "महासमुंद. दुष्काळ. मजूर वीटभट्ट्यांवर गेले. बीरगांव. नळाले तीन दिवस पाणी नाही."

मीराने पुन्हा डोळे मिटले. मला मास्तरांचा भयंकर राग आला. बीरगांवच्या नळाला जागा होती.

त्यांनी डायरी बंद केली. वनमालाबाईंनी वरणात पळी घातली. मास्तर मात्र बसेनात.

"चार्ज पूर्ण नाही झाला," ते म्हणाले. डायरी न उघडताच त्यांनी सांगितलं, "इंद्रजीत गंगाधर ढोमणे. राजस्थान सीमा. आठ दिवसांपासून खबर नाही."

वनमालाबाईंची पळी तशीच राहिली.

"आता काय म्हणा लागते?" मास्तरांनी सुनेला विचारलं.

"जो माँगना है, माँग लीजिए, बाबूजी."

मास्तरांनी चष्मा काढला. दहा मिनिटांच्या उशिरासाठी छत्तीस वर्षं लोकांना फैलावर घेणारा तो माणूस पानातल्या चकलीकडे बघत म्हणाला, "त्याले घरी येऊ दे. लेट आला तरी चालते."