साळवेंचा बेचाळीसचा आकडा

प्रल्हाद साळवे कार्यालयात आले की सगळ्यांना जयभीम करत आणि खुर्चीवर बसण्याआधी संगणकाच्या डब्याला उलटा हात लावत, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. मग निदान सांगत, "अंग बराबर हाय," किंवा "आज कणकण हाय." उन्हाळ्यात मशीन सुरू होण्याआधीच कणकण असे.

जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय होतं. प्रमुख मी होतो. साळवे पानं लावत, म्हणजे बातम्या, फोटो आणि जाहिराती जुळवून जिल्हा पुरवणीची चार पानं तयार करत. ती सायंकाळी पाचच्या आत मुख्य कार्यालयात पोचवायची असत. वय पन्नाशीचं, शिक्षण बारावी, रोज बदनापूरहून रेल्वेने ये-जा. संगणक ते उघडून उघडून शिकले होते.

फेब्रुवारीत पानं तीनदा उशिरा गेली. मशीन जुनं होतं आणि फोटो दिवसेंदिवस मोठे येत होते. मुख्य कार्यालयातून व्यवस्थापकांचा फोन आला. पुन्हा उशीर झाला तर जालन्याची पानं तिकडेच लागतील, असं त्यांनी सांगितलं. तसं झालं असतं तर साळवेंची नोकरी गेली असती. नवं मशीन मागितलं, मिळालं नाही. साळवेंनी जुन्यालाच पळवायचं ठरवलं.

प्रोसेसरचा वेग एका ठरलेल्या आकड्याला दुसऱ्या आकड्याने गुणून निघतो. हा दुसरा आकडा, गुणक, कंपनीने पस्तीस ठेवला होता. या प्रोसेसरला तो वाढवण्याची मुभा होती. साळवेंनी तो बेचाळीस केला. त्याच बैठकीत त्यांनी एका बंद मशीनमधली मेमरीची पट्टी काढून जुनीच्या शेजारी बसवली आणि मेमरीचाही वेग वाढवला. त्या दिवशी पानं साडेचारलाच गेली. "उगं झोपून राह्यलं होतं, सर," साळवे म्हणाले. "कुणी उठवलंच न्हाई त्याला."

मार्चच्या मध्यापासून मशीन बंद पडू लागलं. कधी दुसऱ्या पानावर, कधी चौथ्यावर, पडदा निळा होई. साळवे शांतपणे "बसलं" म्हणत आणि पान पहिल्यापासून उघडत. त्यांनी गुणक एक्केचाळीस केला, मग चाळीस. तरी बसलं. प्रोसेसरला थोडा जास्त विद्युतदाब दिला. त्याने उष्णता वाढली. तेव्हा त्यांनी खोलीतला एकमेव कूलर मशीनकडे वळवला.

"साळवेमामा, आम्ही माणसं हाओत का न्हाई?" बातमीदार जाधव घाम पुसत म्हणाला.

"तू बसला तं चालतं, जाधव. तुझ्या जागी दुसरा आणता येतो."

सगळे हसले. साळवेही हसले.

प्रत्येक बदल ते प्लगशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहीत. तारीख, गुणक, दाब आणि पुढे एक शब्द, टिकलं किंवा बसलं. एका दुपारी ते त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "चूक माझी हाय, सर. रोज गुन्ह्याच्या बातम्या लावतो अन् दोन आरोपी एकाच कोठडीत घातले. गुणक अन् मेमरी एकदमच वाढवली. आता खरं कोन बोलतंय, कसं कळावं?"

त्याच दुपारी मला व्यवस्थापकांचा फोन आला. निर्णय झाला होता. पुढच्या महिन्यापासून पानं मुख्य कार्यालयात लागणार होती. उशिराशी आता त्याचा संबंध नव्हता, सगळ्याच जिल्ह्यांचं तसं होणार होतं. "साळवेंना महिनाअखेरीपर्यंत सांगू नका. तोवर पानं लागली पाहिजेत," ते म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा साळवे मशीनचं झाकण काढत होते.

"कुणाचा होता, सर?"

"मुख्य कार्यालयाचा."

"पानं टायमावर पाह्यजे म्हणत असतील."

मी हो म्हणालो.

त्यांनी मेमरी मूळ वेगावर आणली आणि गुणक पुन्हा बेचाळीस केला. दोन दिवस टिकलं. मग उलट केलं. गुणक पस्तीस आणि मेमरी वेगात. वीस मिनिटांत बसलं. मग एकेक पट्टी एकटी लावून वेगात चालवली. दोन्ही टिकल्या. एकत्र लावल्या की बसलं. महिनाभर प्रोसेसरवर घेतलेला संशय खोटा निघाला होता.

"दोघी चांगल्या घरच्या हायेत," साळवेंनी निकाल दिला. "फक्त एकमेकीशी पटत न्हाई. हळू चालवल्या तं नांदतील."

मेमरी मूळ वेगावर ठेवली, गुणक परत बेचाळीस केला, वाढवलेला दाब काढून घेतला. बाहेर पारा चढला होता. "बाहेर बेचाळीस, आत बेचाळीस," ते म्हणत, आणि कूलर जाधवकडे वळवून देत. पुढचे नऊ दिवस चारही पानं वेळेआधी गेली. "वर कळवा, सर. म्हणावं, जालना बराबर झालं." मी कळवलं. व्यवस्थापक म्हणाले, छान.

तीस एप्रिलला शेवटचं पान सुटल्यावर मी साळवेंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमाला कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले."

"म्हंजे पट्ट्या अलग करून पाह्यच्या आधी?"

"हो. तुम्ही भिंतीसमोर उभे होतात, त्याच दुपारी."

ते भिंतीकडे पाहत राहिले. "सांगायचं होतं, सर. मी बिनकामाचा मशीनवर शक घेत बसलो."



मशीन मुख्य कार्यालयात जमा करायचं होतं. बांधण्याआधी साळवेंनी ते सुरू केलं आणि गुणक पस्तीसवर आणला. चांगलं चालतंय, राहू द्या, असं मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिथल्या माणसाला याचा स्वभाव कुठं ठाऊक? बसलं तं म्हणतील, जालन्याच्यानं बिघडवून दिलं." मग खोक्याला सुतळी बांधली, चारी बाजूंनी, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

जूनमध्ये कामासाठी मुख्य कार्यालयात गेलो. सामानाच्या खोलीत सहा-सात जिल्ह्यांची खोकी एकावर एक ठेवली होती. आमचं खालून दुसरं होतं. सुतळीची गाठ साळवेंचीच होती, कुणी सोडलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आता ते जाफराबादला एका दुकानात लग्नपत्रिका लावत होते. रोजची एसटी, पाय दुखतात, बाकी बरं, असं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "मशीन कसं हाय, सर? तिकडं बसत तं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. "एकदाही बंद पडलं नाही."