विहीणबाईंचा विषाणू

जगात अशी एकही वस्तू नाही जिच्यात आमच्या विहीणबाईंना एचआयव्हीचा विषाणू दिसत नाही. जन्मभर त्यांनी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. कॉलेज कधीचं सुटलं, तास अजून सुरू आहे. भाजीवाल्याकडे गोल, काटेरी काटवल दिसलं की एक उचलून कौतुकाने फिरवतात, "अगदी असाच असतो हो!" भाजीवाला भाव सांगायचा विसरतो. धंतोलीत राहतात, तिथे दर दोन घरांआड दवाखाना. म्हणजे बाकांवर विद्यार्थी आयतेच बसलेले. एकदा एक पेशंट, आत नंबर पुकारला तरी उठेना. म्हणाला, "थांबा जी, हा पेशीत शिरला का नाही, तेवढं ऐकून येतो."

मला त्यांचा मत्सर वाटायचा, असं लिहिणार होते. पण ऐंशीला टेकल्यावर खोटं कशाला? वाटतो.

सुरुवात माझ्या मुलाच्या लग्नात झाली. तेव्हा मी अवघी साठीची, म्हणजे अगदीच अल्लड. त्यातून वरमाय! पैठणी नेसून असा तोरा मिरवत होते की, लग्न मुलाचं आहे याची मला अधूनमधून आठवण करून द्यावी लागे. विहिणीची पंगत बसली. ताटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, आता मला आग्रहाचे घास भरवणार, तोच माझ्या नणंदेला दुर्बुद्धी सुचली. "तुम्ही शिकवता काय हो?"

झालं! विहीणबाईंनी माझ्या मानाच्या विड्यातली लवंग उपटली, आणखी मूठभर मागवल्या आणि माझ्याच ताटातल्या बुंदीच्या लाडवात टोचल्या. "हा विषाणू. लवंगा म्हणजे त्याचे पंजे. आणि ही श्रीखंडाची वाटी म्हणजे आपल्या रक्तातली रखवालदार पेशी. तिच्या अंगावर सीडी-फोर नावाची कडी असते, ती हा आधी धरतो. पण एका कडीने दार उघडत नाही! ती धरली की पंजा वळतो, उमलतो आणि शेजारची दुसरी कडी चाचपतो, सीसीआर-फाइव्ह. दोन्ही हाती आल्या की पेशीला जवळ ओढतो, दोघांचं आवरण एक होतं, आतला ऐवज आत!" लाडू श्रीखंडात बुडाला. माझ्या सगळ्या नणंदा माझ्याकडे पाठ करून तो लाडू बघत होत्या. मी रुसले. पण वरमाय रुसली हे कळायलाही कुणीतरी तिच्याकडे पाहावं लागतं.

तेही गिळलं असतं. पण पुढे नात झाली. मुलगा-सून नोकरीवर, म्हणून पोरगी शाळेतून थेट महाल भागात माझ्याकडे यायची, गोळाभात खायची, माझ्या पारशिवनीकडच्या भुतांच्या गोष्टी ऐकायची. नववीत गेली आणि एक दिवस म्हणाली, "महालवाली आजी, आजपासून मी धंतोलीवाल्या आजीकडे जाऊन राहिली."

"काहून वं? माह्याकडे काय कमी हाय?"

"तुझ्याकडे विषाणू नाही ना!"

दुसऱ्याच दिवशी मीही धंतोलीत हजर. पाहते तो काय, दिवाणखान्यात दोघींची फुगडी चाललेली! मला पाहताच विहीणबाईंनी पदर खोचला. "या, या. मी पेशी, तुम्ही विषाणू."

"मलेच काहून विषाणू?"

"सारखं आत शिरायला बघता ना, म्हणून."

नात खो खो हसली. मी एक हात धरला, वळले, दुसरा धरला. गरगरताना धापा टाकत विचारलं, "ह्या कड्या देवानं ठेवल्याच कायले? उपटून फेकाव्या."

"अहो, चोरासाठी नाही ठेवल्या. आपल्याच पेशींचे निरोप घ्यायला आहेत, हा आयत्या धरतो. काही माणसं जन्मतःच दुसऱ्या कडीवाचून असतात, त्यांच्याकडे बहुतेकदा हा दारातच अडतो. ती कडी झाकायचं औषधही निघालंय."

असलं एखादं औषध नातीला चाटवावं आणि तिची धंतोलीची कडी झाकून टाकावी, हा विचार त्या गरगरण्यातही माझ्या डोक्यात येऊन गेला. फुगडी सुटली तेव्हा मी सोफ्यावर पडले होते आणि नात "आजी, लागलं का?" म्हणत पाणी घेऊन धावली होती. विहीणबाईंना मात्र ते पाणी मिळालं नाही. मी सगळा ग्लास संपवला.

यंदा पोरगी पुण्याला गेली. शिकायला काय घेतलं, हे सांगायला नको. जिंकल्या विहीणबाई! ती गेली त्याच आठवड्यात माझा जिना चढून एकट्याच आल्या. मी टोमणा तयारच ठेवला होता, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

बसल्या. चहा घेतला. समोर सीताफळ ठेवलं होतं, त्याकडेही बघेनात.

"तुम्हाला फोन करते ती?" त्यांनी विचारलं.

"करते की. रोज."

"मलाही करते." कप बशीत नीट ठेवत त्या म्हणाल्या. "शंका विचारते. उत्तर मिळालं की ठेवते. जेवली का, झोप लागते का, ते तुम्हाला सांगते म्हणे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच. पण टोमणा काही केल्या तोंडातून निघेना.

"काल काय जेवली हो ती?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. सावकाश, सगळं सांगितलं. भेंडीची भाजी होती, मेसच्या वरणात मीठ जास्त पडलं होतं, भात दोनदा घेतला. विहीणबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"आणि पोळी?" त्यांनी विचारलं.