डाव्या अंगाची तिसरी फळी

दत्ताराम मेस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांशी बोलत नसत, लाकडाशी बोलत. म्हणजे डोळे मिटायचे आणि समोर जे लाकूड असेल त्यावरून उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू फिरवायची. दाराची चौकट असो, खुर्चीचा हात असो, नाहीतर टेबलाची कड. आमच्या कुळगावच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी "या, बसा" म्हणून पाणी आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर हा गृहस्थ आमच्या खुर्चीसमोर उकिडवा बसलेला, डोळे मिटलेले, आणि बोटं खुर्चीच्या हाताखालून सरकताहेत. मला वाटलं, चक्कर आली की काय! तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, इथे कुसळ आहे. लेकराच्या हातात जाईल."

बोटं उलटी का फिरवता, म्हणून मी विचारलं. त्यांनी तळहात पुढे केला. "हा मेला माझा. सदतीस वर्षं रंधा ढकलून नुसतं कातडं झालंय. मागची बाजू तेवढी जिवंत आहे."

ही सदतीस वर्षं त्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात काढली होती, पॅटर्नमेकर म्हणून. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवायचा, मग वाळूत त्याचा साचा उठवायचा. लाकूड जरा खरखरीत राहिलं तर वाळू चिकटते आणि साचा ढासळतो. शिवाय ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड केसभर मोठं ठेवायचं. किती मोठं, हीच त्यांची आयुष्यभराची काळजी. रिटायर झाले तरी काळजी काही रिटायर झाली नाही. "कसे आहात मेस्त्री?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "सध्या तरी ठीक." मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही पेढा हातावर ठेवत म्हणाले, "सध्या तरी ठरलंय." माझ्या हातचा चहा पिऊनसुद्धा "सध्या तरी बरा आहे" म्हणाले, तेव्हा मात्र मला रागच आला. अहो, चहा पुढे काय बिघडणार आहे?

पण मी कोणत्या तोंडाने हसावं? मी स्वतः एक नंबरची घाबरट. त्यात पाण्याची तर विचारूच नका. आणि नशीब असं की माझी शाळा बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या अगदी काठाला. पलीकडच्या वाडीतली अकरा मुलं रोज होडीतून शाळेला यायची. मी काठावर उभी राहून ती उतरेपर्यंत मोजत असे. सातवा कुठे आहे, आठवा कुठे आहे, असं करत अकरावा जमिनीवर आला की मग घंटा. हेडमास्तर चिडायचे, घंटा रोज उशिरा म्हणून. चिडू देत.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात ती होडी मध्येच गळायला लागली. मी काठावर उभी, आणि होडी नदीच्या मधोमध. बुधाजी नावाडी एका हाताने बांबू रेटतोय, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसतोय, आणि मुलं गुडघाभर पाण्यात उभी, दप्तरं डोक्यावर धरून. मी ओरडत होते की रडत होते, आता सांगता येणार नाही. मुलं पोचली सगळी. तिसरीतल्या सुमनचं दप्तर मात्र वाहून गेलं. बुधाजी वर येऊन म्हणाला, "बाय, या होरीचा आता काय खरा नाय." पुढचे महिने त्याने ती जुनी होडी डांबर फासून, चिंध्या कोंबून कशीबशी रेटली. नवी होडी मिळाली नाही तर जूनपासून मुलं पाठवणार नाही, असं वाडीने मला तोंडावर सांगितलं.

मेस्त्रींचे वडील कोकणात खाडीवर होड्या बांधायचे, हे मला कुणीतरी सांगितलं आणि मी त्यांना घरी बोलावून घेतलं. खुर्चीतलं ते कुसळ त्यांनी खिशातल्या काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं, मग माझं म्हणणं ऐकलं. "लहानपणी बघितलंय, हाताखाली केलंयही थोडं," ते म्हणाले. "पण बाई, माझा हात पॅटर्नचा. तिकडे आकसायची काळजी, इकडे फुगायची. लाकूड पाण्यात फुगतं." मग खुर्चीच्या हातावरून पुन्हा बोटं फिरवत विचारलं, "पोरं किती म्हणालात?"

फेब्रुवारीत त्यांनी नदीकाठच्या चिंचेखाली काम मांडलं. सागवानाच्या फळ्या, तांब्याचे खिळे, फटींत ठोकायला कापूस, वर राळ आणि तेल. एप्रिल संपता संपता होडी उभी राहिली. बाकी होतं ते फक्त अंग साफ करणं. मला वाटलं, झालंच की! पण मेस्त्रींचं खरं काम तिथे सुरू झालं. खरखरीत फळीत पाणी मुरतं आणि ती कुजते, आणि गुळगुळीत अंगावर चीर लगेच दिसते, असं त्यांचं म्हणणं. रोज जावं तर ते आपले डोळे मिटून होडीच्या पोटावरून बोटं फिरवताहेत, मग रंध्याचा एक हात, पुन्हा बोटं. बुधाजी बिडी ओढत बघायचा आणि म्हणायचा, "आरं मेस्त्री, होरी हाय ती, जेवाचा पाट नाय!"

मे अर्धा सरला तरी एक बाजूसुद्धा पुरी झाली नव्हती. माझी झोप उडाली. होडीच्या गोल पोटाला सरळ रंधा नीट बसत नाही, बाकदार तळाचा हवा, असं ते म्हणाले, तेव्हा मीच त्यांना उल्हासनगरला घेऊन गेले. हत्यारांच्या त्या दुकानात त्यांनी तासभर घालवला. प्रत्येक रंधा उचलायचा, तळावरून बोटं फिरवायची, ठेवून द्यायचा. शेवटी सिंधी दुकानदारच कंटाळला. "साईं, ये सब पुराना माल छोडो," म्हणत त्याने काउंटरवर एक विजेचं यंत्र ठेवलं, पुढे पॉलिश पेपरची फिरती चकती. "पंधरा दिवसांचं काम दोन दिवसांत. लकडी एकदम मख्खन!" आणि तिथेच एका फळकुटावर त्याने ते चालवून दाखवलं.

मेस्त्रींनी कानावर हात ठेवले. "रंधा अडला की सांगतो, बाबा रे, इथे गाठ आहे, इथे रेषा उलटी आहे. हे काही सांगत नाही. नुसतं ओरडतं."

"मेस्त्री," मी म्हणाले, "शाळा उघडायला तीन आठवडे आहेत. तुमचं सांगणं आणि ऐकणं पुरे झालं. घ्या ते." दुकानात चार माणसांसमोर बोलले मी हे, आणि चढ्या आवाजात. त्यांनी कानांवरचे हात खाली घेतले. मग हळूच म्हणाले, "बाई म्हणतात तर घेऊ." पोरांच्या काळजीने बोलले, अशी मी नंतर स्वतःची कितीदा तरी समजूत घातली.

शाळेतून वायर ओढली आणि यंत्र सुरू झालं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. चार दिवसांत होडी अशी झाली की वाडीतल्या बाया येऊन तिला हात लावून जायच्या. तेल चढलं, बुधाजीने पुढच्या टोकाला हळदकुंकू लावलं. मी खुशीत होते. पाचव्या दिवशी दुपारी मी गावातल्या कच्च्या मुलांचा सुट्टीतला वर्ग घेत होते, तेव्हा मेस्त्री शाळेत आले आणि वर्गाच्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. मी मुलांना पाढे म्हणायला लावून बाहेर आले.

"बाई, डाव्या अंगाची तिसरी फळी," ते म्हणाले. "पुढच्या बाजूला, काठाला लावताना होडी खडकावर टेकते ना, नेमकी तिथे. यंत्र जास्त वेळ राहिलं. खळगा पडला. मी आजूबाजूचं उतरवून सारखं केलं, म्हणून डोळ्याला दिसत नाही. पण कारखान्यातला जाडी मोजायचा कॅलिपर लावून बघितला. फळी निम्मीच राहिलीय."

"मग? गळेल?"

"आज नाही गळणार. सध्या तरी ठीक. पण पोरं रोज त्या खडकावर उतरणार."

आता जे सांगते ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. मी इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "राहू द्या ना मेस्त्री. कुणाला कळणारे? पुढच्या उन्हाळ्यात बदलू." मी! रोज काठावर उभी राहून अकरा डोकी मोजणारी मी! मला फक्त शाळेचा पहिला दिवस दिसत होता आणि वाडीसमोर माझी जाणारी अब्रू. वर्गातून सातचा पाढा ऐकू येत होता. तो संपेपर्यंत मेस्त्री उभे राहिले आणि मग गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाते तर होडी आडवी, आणि मेस्त्री तिसऱ्या फळीचे खिळे उपटताहेत. बुधाजी कपाळाला हात लावून बसलेला. "बाय, याला याड लागलंय. चांगली होरी फोरतंय!" वाडीतले लोक जमले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला येत नव्हतं तर घेतलं कशाला. फळी पातळ झाली, चूक माझ्या हातची, असं मेस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं. यंत्राचं नाव घेतलं नाही आणि माझंही घेतलं नाही. मी पदराचं टोक चावत उभी होते. बोलायला हवं होतं, बोलले नाही.

आता नवी फळी कुठून आणायची? ओलं लाकूड चालत नाही, मुरलेलंच हवं. तिसऱ्या दिवशी मेस्त्री हातगाडीवर एक जाड फळी घेऊन आले. त्यांच्या अंबरनाथच्या घरी कामाचं मेज होतं, त्याचा माथा होता तो. तीस वर्षं त्यावर त्यांनी रंधा चालवला होता. "मुरलेली आहे," एवढंच म्हणाले. ह्या फळीला त्यांनी यंत्र लावलं नाही. जुना रंधा आणि शेवटी तो खिशातला काचेचा तुकडा. फळी बसल्यावर त्यांनी मला हाक मारली, माझा हात धरून बोटं उलटी केली आणि फळीवर ठेवली. "बघा. डोळे मिटून." मला काय कळणार कपाळ! पण मी टोकापासून टोकापर्यंत दोनदा हात फिरवला. "कुठे लागतं?" त्यांनी विचारलं. "कुठेच नाही," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

शाळा उघडली तेव्हा अकरा मुलं पलीकडेच होती. मी रोज हजेरीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहीत होते. नदी चढत होती. जूनच्या शेवटी होडी पाण्यात उतरली आणि बघते तर काय, फटींतून पाणी! मी किंचाळलेच. मेस्त्री म्हणाले, "येऊ दे. फळ्या कोरड्या आहेत. फुगल्या की फटी मिटतील." दोन दिवस त्यांनी होडी काठालाच पाण्यात बुडवून ठेवली. मग पाणी उपसलं आणि एकटे बुधाजीबरोबर पलीकडे जाऊन आले. सबंध वेळ आत ओणवे, डोळे मिटलेले, बोटं तिसऱ्या फळीवर. उतरल्यावर मला म्हणाले, "सध्या तरी ठीक. पाठवा पोरांना." त्या दिवशी मी मोजलं ते पंधरा वेळा तरी मोजलं असेल.

दिवाळीत ते घरी आले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. जेवायला बसायचा पाट होता. काढलेल्या फळीचा! मधोमध तो खळगा तसाच, डोळ्याला न दिसणारा पण बोटांना लागणारा. मला वाटलं, टोमणा मारायला आणलाय. माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाले, "तसं नाही हो बाई. जाळून टाकली असती तर मला रोज वाटलं असतं, काढली की राहिली. तुमच्याकडे असू दे. कधी शंका आली तर येऊन बघेन." आणि खरंच यायचे. वर्षातून एकदोनदा यायचे, चहा घ्यायचे, पाटावर बोटं फिरवायचे आणि जायचे.

होडी नऊ वर्षं चालली. मग पूल झाला आणि ती चिंचेखाली पालथी पडली. एकदाही गळली नाही. माझी बदली झाली होती, मेस्त्रींचं येणंही वयामुळे थांबलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एका सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाबांचं काही खरं नाही हो. माणसं ओळखत नाहीत. सारखं 'फळी, फळी' करतात, झोपत नाहीत. तुमचं नाव घेतात. तुम्हाला काही उमगतंय का?"

मी पाट पिशवीत घातला आणि रिक्षाने अंबरनाथला गेले. मेस्त्री खाटेवर होते, इतकेसे झालेले. उजवा हात चादरीवरून सारखा फिरत होता, बोटं उलटी. मी जवळ बसले. "मेस्त्री, मी आलेय. शाळेतल्या बाई." त्यांनी डोळे उघडले. त्यात भीती होती. लहान मुलाला वाटते तशी.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात राहू द्या. मग मी... राहू दिली?"

बारा वर्षं हा माणूस माझं ते वाक्य मनात घेऊन होता, आणि एकदाही मला बोलला नव्हता. मी म्हणाले, "नाही हो मेस्त्री. मी चुकले होते. तुम्ही काढली ती फळी, सगळ्यांसमोर काढली. आणि पोरं सगळी मोठी झाली. सुमनला मुलगी झाली."

त्यांना पटलं नाही. मान हलवत राहिले. मग मी पाट काढून त्यांच्या हाताखाली सरकवला.

त्यांनी डोळे मिटले. बोटं कडेवरून निघाली, हळूहळू मध्ये आली आणि खळग्यात उतरली. तिथे थांबली. पुन्हा कडेला गेली, पुन्हा खळग्यात. सून दारात उभी राहून बघत होती, तिला काही कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास संथ झाला.

"काढली," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ठीक आहे मग."

मी वाट बघत राहिले, पण 'सध्या तरी' काही आलं नाही. हात पाटावर ठेवून ते झोपी गेले.