आखाजीच्या दिवशी आलेली बाई

देवावरचा माझा विश्वास मागच्या पौषात दवाखान्यातच राहिला. बायकोचं ऑपरेशन होतं, तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही अशी ताकीद होती. ती सारखी पाणी मागायची. मी वैतागून म्हणालो, "गप पड, मरत नाहीस तू." तिला आत नेलं, ती परत आली ती तोंडावर चादर घेऊनच. चाळीस वर्षांच्या संसारात माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते. मी चौथी शिकलेला माणूस. सिल्वासाजवळ मसाटला सुताच्या कंपनीत जन्म गेला, मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली. पण त्या दिवशी तिथे मशीन नव्हतं.

त्यानंतर मी माणसातून उठलो. सिल्वासातल्या आमच्या गल्लीत खानदेशातली पाच-सहा घरं आहेत. सुतकात त्यांनी रीतीप्रमाणे भाकरी-पिठलं आणून दिलं, तर मी ताटं पायरीवर ठेवली आणि विचारलं, तुमच्या पिठल्यानं ती उठून बसणार आहे का? सप्तशृंगीआईची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. मुलगी सुरतेहून फोन करायची, तोही उचलेनासा झालो. दार लावून बसायचं, एवढाच उद्योग.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि त्याच्या जागी कोणाला तरी बसवून जेवू घालतात. बाई अहेव, म्हणजे नवरा असताना, गेली असेल तर सवाष्ण लागते. देवाला मी मानत नव्हतो, पण ती तहानलेली गेली हे छातीत रुतून बसलं होतं. तिच्या जागी कोणी जेवलं नाही तर ती दारातून तशीच परत जाणार, असं वाटायला लागलं. सकाळी उठून तीन घरी आमंत्रण द्यायला गेलो. दोघींनी आपल्याच घरच्या पितरांचं निमित्त सांगितलं. शेजारची सून मात्र तोंडावर म्हणाली, "आबा, तुमच्याकडे जेवायचं म्हणजे तोंडी लावायला शिव्या." खोटं नव्हतं ते. मुलीला मी आपणहून फोन लावला, पण तिच्या सासरीही त्या दिवशी घागर, तिला येता येईना.

तरी मी रांधलं. भात, डाळ, दुकानातला आमरस. डब्यात बायकोच्या हातच्या कुरडया होत्या, शेवटच्या, त्या तळल्या. गोवरीचा निखारा करून बसलो. बारा वाजले, एक वाजला. निखारा राख होत चालला. मी ताटाकडे बघत बसलो आणि मनात आलं की आता आपणही जावं, इथे आपलं काम काय.

तेवढ्यात दारात एक बाई उभी. साठीच्या आसपासची, कपाळ मोकळं, उन्हानं तोंड काळवंडलेलं. जवळच्या खडोलीतल्या कंपनीत झाडूकाम करायची, भाड्याची खोली शोधताना गल्ली चुकली होती. म्हणाली, "दादा, पाणी मिळेल का?"

त्या दिवशी नळ आला नव्हता. घरात पाणी होतं ते घागरीतच, आणि नैवेद्याआधी त्याला कोणी हात लावत नाही. मी तांब्या बुडवला. ती उभ्यानंच तीन तांबे प्याली. मी बघत राहिलो. मग म्हणालो, "बाई, जेवून जा."

तिनं घागर पाहिली, ताट पाहिलं, सगळं समजली. "मी सवाष्ण नाही. मालक जाऊन चार वर्षं झाली. तुम्हाला चालणार नाही."

"चालतं की नाही हे सांगणारी गेली. बसा."

निखाऱ्यावर तूप-भात टाकला, ती पाटावर बसली. डाळीत मीठ जास्त आहे म्हणाली आणि तरी दोनदा मागून घेतली. कुरडई मोडली आणि थांबली. "ही हातची आहे. कोणी केली?"

पौषापासून आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं, लहान पोरासारखं. त्या बाईनं समजूत घातली नाही, की उठून गेली नाही. रडणं संपेपर्यंत जेवत राहिली. मग हात धुऊन माझं ताट वाढलं, समोर बसून मला जेवायला लावलं आणि निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

ती देवी होती असं मी म्हणत नाही. खोली शोधत होती. पण गल्लीत बारा दारं असताना ती माझ्याच दाराशी का थांबली, हे मला सांगता येत नाही आणि आता सांगायचंही नाही. माझी बायको जेवली की नाही, तिनं मला माफ केलं की नाही, हे कळायला मार्ग नाही. कळलंच पाहिजे हा हट्ट मात्र सप्तशृंगीआईची तसबीर सरळ करून तिच्या पायाशी ठेवला. दुःख कमी झालेलं नाही. सकाळी उठलो की पहिलं तेच समोर येतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो. चुकलो, एवढंच बोलता आलं. सुनेनं चहाचा कप पुढे केला. चहा गोडमिट्ट होता. अडुसष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या ओट्यावर बसून तो निमूट पिता आला, एवढं आईनं माझ्याकडून करून घेतलं. तिचे उपकार.