कुंभकोणमची ओटी

मोठीने आयुष्यात कधी कशाचा भाव विचारला नाही. भाजी असो, बांगड्या असोत की रिक्षा, ती आधी समोरच्या माणसाची चौकशी करायची. "काय भैया, सून माहेरून आली का?" असं ती भाजीवाल्याला विचारायची आणि तो सुनेचं सगळं पुराण सांगता सांगता तिच्या पिशवीत एकेक निवडक वांगं टाकायचा, वर कोथिंबीर. मी त्याच हातगाडीवर घसा कोरडा होईपर्यंत भांडायचे आणि घरी येऊन पिशवी उलटी केली की निम्मी वांगी किडकी निघायची. हा अन्याय मी वर्षानुवर्षं पाहिला आहे.

मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. घरात ती मोठी आणि मी लहानी. नात्यातली सगळी मुलं तिला "बडी आई" म्हणायची आणि मला नुसतं "काकू". मी मुलांसाठी नवे कपडे आणायचे, ती कुरमुऱ्यांची पुडी आणायची. मुलं पळत जायची ती त्या पुडीकडे.

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी नागपूरहून साड्यांचे गठ्ठे आणून जबलपुरात घरोघरी विकले. मझौलीच्या बाजारात चादर अंथरून बसले. आज विजय नगरमध्ये माझं साड्यांचं दुकान आहे. मला कुणी काही हातावर ठेवलं नाही, मी ओढून घेतलं. पण घरात सत्यनारायण असो की बारसं, पहिलं हळदकुंकू मोठीला, पहिली ओटी मोठीची. रीतच आहे ती, मोठ्या सुनेचा मान. सासूबाईंना दवाखान्यात नेणारी मी, रात्र रात्र बाकावर बसणारी मी, आणि त्यांनी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "मोठी कुठं आहे?"

मोठी तेव्हा सराफ्याच्या गल्लीतल्या जुन्या घरी असायची आणि सावकाश यायची. घाई हा शब्द तिला माहीत नव्हता. "चलो, येते," म्हणायची आणि वाटेत चार ओट्यांवर बसून यायची. तोवर मी डॉक्टरांशी, नर्सशी, औषधवाल्याशी भांडून सगळं मार्गी लावलेलं असायचं. ती आली की सासूबाईंच्या पायाशी बसायची, तळवे चोळायची, आणि खोलीतली सगळी माणसं अशी काही निवायची की जणू औषध तिनेच आणलं.

या सासूबाईंचा एक नवस राहिला होता. त्या तरुणपणी सासऱ्यांबरोबर यात्रा कंपनीच्या बसने दक्षिणेत गेल्या होत्या. कुंभकोणमजवळच्या एका देवळात देवीपुढे त्या बोलल्या, "माझ्या घराला बरे दिवस येऊ दे, माझी सून येऊन तुझी ओटी भरेल." हे त्यांनी आम्हाला शेवटच्या आजारात सांगितलं. कोणती सून, ते मी विचारायच्या आत त्या गेल्या.

मला विचाराल तर यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. घराला बरे दिवस कुणी आणले? माझ्या दुकानाने. मग ओटी कुणी भरायची? पण घरात सगळ्यांनी धरूनच चालवलं की मोठी जाईल आणि लहानी तिला घेऊन जाईल. म्हणजे तिकिटं मी काढायची, खोल्या मी ठरवायच्या आणि ताट तिच्या हातात! मोठे दीर म्हणाले गुडघे दुखतात, आमच्या ह्यांच्या क्रिकेटच्या मॅचेस होत्या. शेवटी आम्ही दोघीच निघालो. चेन्नईपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी. ओटीची साडी मी माझ्या दुकानातली सगळ्यात उंची काढली होती, हिरवी रेशमी. ती सबंध प्रवासात मी उशाशी घेऊन झोपले. मोठी समोरच्या बाकावरच्या तमिळ कुटुंबाचा दहीभात खात होती.

तंजावर जिल्ह्यात पाऊल टाकाल तिकडे देऊळ. मी कुठली कुठली पाहायची ते घरूनच ठरवून आले होते. गाडीवाल्याला आधी रागावून, मग समजावून, मग पुन्हा रागावून सगळ्यासाठी तयार केलं होतं. पहिलं तंजावरचं थोरलं देऊळ. आत शिरलो आणि मोठी पटांगणात सावली बघून बसली.

"मोठ्या बाई, उठा. अजून पुष्कळ राहिलंय."

"एवढा दगडाचा डोंगर रचला लोकांनी, अन् मी घडीभर बसली तर तुला काहून जड होऊन राहिलं? देव कुठं पळून चालला काय?"

मी एकटीच प्रदक्षिणेला गेले. हिंडता हिंडता एका भिंतीवर आपली देवनागरी अक्षरं खोदलेली दिसली. मराठी राजांच्या काळातला मराठी लेख. इतक्या लांब, सगळीकडे ती गोल गोल अक्षरं आणि मधेच आपली भाषा. माझ्या अंगावर काटा आला. मी धावत जाऊन मोठीला ओढून आणलं. तिने भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "बघ, आपले लोक आधीच येऊन बसून राहिले. तू उगीच घाई करत होती." पुण्याकडचं एक कुटुंब मागे उभं होतं. ती माणसं खळखळून हसली आणि मोठीबरोबर फोटो काढून घेतले. लेख शोधला होता मी. फोटो मीच काढून दिले.

तिच्या बोलण्याचीही तीच कथा. मी मोबाईलमध्ये तमिळ बोलणारं ॲप टाकून नेलं होतं. मी हिंदीत बोलायचे, मोबाईल तमिळमध्ये बोलायचा आणि समोरचा माणूस मोबाईलकडे संशयाने बघायचा. मोठी सरळ आपल्या जबलपुरी मराठीत सुरू. "काय जी, एकटीच आली काय देवळात? घरी कोण आहे?" समोरची म्हातारी तमिळमध्ये उत्तर द्यायची. मोठी मान हलवायची, "अच्छा, अच्छा," म्हणायची, मधेच म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मोठी तिच्या पाठीवर हात ठेवायची.

"काय म्हणाली ती?" मी विचारायचे.

"मला काय माहीत? पण दुःखाचंच काही बोलत होती."

कुंभकोणमला देवीच्या देवळाबाहेर गजरेवाल्या बसतात. तिथे गजरा हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप. मी गजरेवालीचा हात पाहिला. बुटकी बाई, आखूड हात. मी माझा हात पुढे केला, म्हटलं, याने मोज. ती हसली, नाही म्हणाली. मी सोडते काय! शेजारच्या उंच बाईला उठवलं, तिचा हात धरून मापाला लावला. बाजूच्या सगळ्या गजरेवाल्या गोळा झाल्या, कोण कुणाच्या बाजूने बोलतंय कळेना. अखेर माझ्या हाताने मोजून गजरा घेतला तेव्हा मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. वळून पाहते तर ती बुटकी बाई मोठीच्या अंबाड्यात आपल्या हाताने गजरा माळत होती, आणि तो माझ्यापेक्षा लांब होता.

त्या क्षणी मी ठरवलं. ओटी मी भरणार, मोठीला न विचारता.

मोठी मंडपात एका खांबाला टेकून त्या दिवसाच्या नव्या मैत्रिणीशी बोलत बसली होती. मी ताट घेतलं. साडी, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि जबलपूरहून आणलेला नारळ. रांगेत शिरले, कोपरांनी वाट काढत पुढे गेले आणि थेट गाभाऱ्यासमोर उभी राहिले. माझाच तो हक्क होता. आजही मी तेच म्हणेन.

पुजाऱ्याने ताट घेतलं. नाव विचारलं, गोत्र विचारलं, नक्षत्र विचारलं. नक्षत्र मला ठाऊक नव्हतं, मी एक ठोकून दिलं. साडी देवीच्या पायाशी गेली. माझा ऊर भरून आला. आणि पुढच्याच घडीला त्याने नारळ उचलला, शेजारच्या दगडावर एक घाव घातला, आणि दोन भकलं ताटात घालून माझ्यापुढे धरली.

आपल्याकडे ओटीचा नारळ अखंड असतो. तो कुणी फोडत नाही. त्यांच्याकडे देवापुढे आलेला नारळ फोडूनच परत देतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की सासूबाईंचा नवस माझ्या डोळ्यांदेखत फुटला, आणि तोही माझ्या हातून.

"अरे महाराज, ये क्या किया? ओटी का नारियल था!" मी ओरडले. पुजाऱ्याला वाटलं, नारळ खराब निघाला असं मी म्हणतेय. तो भकल उचलून आतलं पांढरं खोबरं मला दाखवू लागला. "नल्ला इरुक्कु, अम्मा, नल्ला इरुक्कु!" चांगला आहे, चांगला आहे. मी म्हटलं, दुसरा नारळ आणा, पुन्हा भरते, साडी परत द्या. मागची रांग ढकलत होती, देवळाचा माणूस मला बाजूला व्हायला सांगत होता, आणि मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यासमोर उभी राहून त्या सगळ्यांशी हिंदीत भांडत होते, रडत होते. नवस बोलणारी गेली. आता चुकलेला नवस कुणापुढे दुरुस्त करायचा?

तेवढ्यात मोठी आली. तिच्यासाठी रांग आपोआप बाजूला झाली, हे मी रडतानाही पाहिलं.

"आली होती काय पुढं? बरं केलं. माझे पाय दुखून राहिले होते." मग तिची नजर ताटावर गेली. "फुटला काय?"

"त्याने फोडला!"

मोठी ताटाकडे बघून हसली. "चांगलं झालं ना मग. एकच नारळ आणला होता, अन् सुना आपण दोघी."

आणि तिने पदर पसरला. पुजाऱ्याला काही समजावलं नाही, खुणा केल्या नाहीत, नुसता पदर पसरून उभी राहिली. त्याला कळलं. त्याने एक भकल उचललं, फूल ठेवलं, कुंकू ठेवलं आणि तिच्या पदराकडे हात नेला. मोठीने त्याचं मनगट हलकेच माझ्याकडे वळवलं. "पहले इसको, जी. घर इसने चलाया."

मी पदर पसरला. पहिलं भकल माझ्या पदरात पडलं. जे मी लग्न झाल्यापासून मागत होते ते मला मिळालं, देवीसमोर, परक्या मुलखातल्या माणसांच्या देखत. आणि मला तिचा इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही. ओढून घेतलेलं आणि कुणी देऊन टाकलेलं यातला फरक मला धंद्यात पक्का कळतो. तिने ते असं दिलं की जणू ते तिच्या हातात होतं हेच तिला कधी माहीत नव्हतं. आणि ते वाक्य! दोन सुना, दोन भकलं. इतकं सोपं होतं. ते मला सुचायला हवं होतं.

घरी परतल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, "ओटी लहानीनंच भरली. मी तर बसून राहिली होती." लोक माझी वाहवा करतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बघा, मोठीचं मन केवढं!"

पुढच्या उन्हाळ्यात मोठी गेली. आजार थोडका होता. ज्या वॉर्डात मी सगळ्यांशी भांडून तिला खिडकीजवळचा पलंग मिळवून दिला, तिथल्या आया तिच्यासाठी घरून पेज आणत होत्या. मी संध्याकाळी गेले की म्हणायची, "आली काय? बस. आधी बस तरी." मी बसायचे नाही. मला डॉक्टरांना गाठायचं असायचं.

सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवी साडी नेसवली, माझ्याच दुकानातली. मळवट भरला. सराफ्याची सगळी गल्ली दारात उभी होती. मग ओटी भरायची वेळ आली आणि कुणीतरी विचारलं, "पहिली कोण भरणार?" सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. आता घरात मोठी मीच होते.

मी ताट घेऊन वाकले. ओटी भरायची तर समोरचीने पदर पसरावा लागतो. मी क्षणभर तशीच थांबले, ती पसरेल म्हणून. मग डाव्या हाताने मीच तिचा पदर उचलून धरला आणि उजव्या हाताने तांदूळ घातले.

"नशीबवान हो," मागून एक बाई म्हणाली. "कुंकू घेऊन गेली."

"होतीच ती नशीबवान!" मी तिच्यावर खेकसले. वळायच्या झटक्यात डाव्या हातातला पदर निसटला, निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले, आणि मी खाली बसून ते वेचू लागले.