अंतरपाटाची मागची बाजू

त्या आठवड्याचा मला आजही राग येतो. राग कुणाचा, हे विचारू नका. सुरुवात भिंतीपासून करतो, कारण भिंत उलट बोलत नाही.

आम्ही तेव्हा अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायचो. पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. न्हाणीघराची भिंत बाहेरच्या खोलीत ओल सोडायची. आधी बशीएवढा डाग होता, मग ताटाएवढा झाला. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न रविवारी बदलापूरच्या हॉलमध्ये होतं आणि गुरुवारी तिचं केळवण आमच्याकडे. पाहुणे येणार, आणि भिंतीला हे असलं गलिच्छ तोंड. मी कारखान्यात मेंटेनन्स खात्यात सुपरवायझर होतो. मिस्त्री बोलावणं मला कमीपणाचं वाटलं. सोमवारी संध्याकाळी हातोडा-छन्नी घेऊन मीच भिंतीला भिडलो.

बायको खिडकीपाशी अंतरपाट भरत बसली होती. नवरा-नवरीच्या मध्ये मंगलाष्टकं होईपर्यंत जे पांढरं कापड धरतात, तो. बाकीचे लोक भटजींच्या पिशवीतून येईल तो धरतात. हिने दोन महिने आधीच सांगून ठेवलं होतं, की हा अंतरपाट मी करणार. मधोमध लाल स्वस्तिक, आणि दोन्ही अंगांना हिरवी वेल. लग्नातलं बाकी सगळं आम्ही भावांनी ठरवलं होतं: हॉल, आचारी, साड्यासुद्धा. हिला कुणी काही विचारलं नव्हतं. हिचं म्हणून त्या लग्नात एवढं एकच होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी बहीण अकरा वर्षांची होती, आई नव्हती. सुईत दोरा ओवायला तिला हिनेच शिकवलं. डावी वेल पुरी झाली होती, उजवी राहिली होती. बायको दुपारच्या शाळेत शिकवायची, सहाला घरी यायची, म्हणजे हाताशी फक्त संध्याकाळच.

"अहो, आज राहू दे ना ते," ती मान वर न करता म्हणाली. "लग्नानंतर करा."

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो.

अर्धा तास बरोबर निघाला. पस्तिसाव्या मिनिटाला छन्नी भिंतीतल्या वायरच्या पाइपात घुसली, ठिणगी उडाली आणि अख्खं घर अंधारात गेलं. त्या भिंतीतून वायर जाते हे मला माहीत होतं. ती मीच मिस्त्रीच्या डोक्यावर बसून टाकून घेतली होती.

मंगळवारी इलेक्ट्रिशियन आला. त्याने भगदाडात बोट घालून पाहिलं.

"साहेब, तुम्ही मेंटेनन्सलाच ना?"

"हो."

"नाही, विचारलं आपलं." मग म्हणाला, "पूर्ण पाइप खोदायला लागेल. गुरुवारी दुपारी येतो."

मी त्याच्यावर चिडलो, बिल्डरवर चिडलो, सिमेंटवर चिडलो. शेजाऱ्यांकडून वायर ओढून एक बल्ब लावला. तो असा मिणमिणता, की भिंतीवरची ओलसुद्धा दिसेना. तेवढाच काय तो फायदा. त्या उजेडात हिने तासभर वेल भरली. सकाळी पाहिलं तर हिरव्याच्या दोन छटांची अदलाबदल झालेली. काही न बोलता तिने ते सगळं उसवलं आणि शाळेत गेली. ती दोन शब्द बोलली असती तर पुढचं टळलं असतं, असं मी बरीच वर्षं म्हणायचो. आता म्हणत नाही. ती सोमवारी बोलली होती.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. ती शाळेत असताना अंतरपाट पिशवीत घातला, शेअर रिक्षा पकडली आणि उल्हासनगर कॅम्प तीन गाठलं. तिथे जीन्सच्या खिशांवर मशीनची एम्ब्रॉयडरी करणारं एक दुकान मला माहीत होतं. माझा हिशेब सरळ होता: उजेड मी घालवला, तर वेल मी पुरी करून देतो. सरप्राइज.

दुकानदार म्हातारा सिंधी होता. त्याने कापड हातात घेतलं, पाहिलं, उलटं केलं, पाहिलं, परत सुलटं केलं.

"साईं, ये हाथ का काम है?"

"हां. घर में किया है," मी जणू स्वतःच केल्यासारखा म्हणालो.

"दोनों तरफ एक जैसा है. गांठ कहीं नहीं. इसको मत छेड़ो."

"रविवार को शादी है."

"मशीन का आगे से अच्छा आएगा. पीछे से ऐसा नहीं आएगा, पहले बोल देता हूं."

आणि मी, मेंटेनन्स सुपरवायझर, त्याच्याच स्टुलावर बसून त्याचाच चहा पीत म्हणालो, "पीछे कौन देखता है?"

मग त्याने खांदे उडवले आणि कापड कारागिराकडे सरकवलं. तासाभरात उजवी वेल तयार. काय तिची चमक, एक पान खालीवर नाही. मी शीळ घालत घरी आलो.

संध्याकाळी बायको आली. मी अंतरपाट खिडकीपाशी पसरून ठेवला होता. तिने पुढून पाहिलाच नाही. आधी उलटा केला. मागे पांढऱ्या दोऱ्यांची जाळी, गाठी, आणि मशीनवर कापडाखाली घालतात त्या कागदाचे चिकटून राहिलेले तुकडे.

"नवरी कुठल्या बाजूला उभी राहते?" तिने विचारलं.

"एका बाजूला."

"आणि नवरा?"

"दुसऱ्या बाजूला."

"मग त्या दोघांतल्या कुणी हे बघायचं? अंतरपाटाला मागची बाजू असते का हो?"

दोन महिने ती एवढ्या सावकाश का भरते आहे, हे मला तेव्हा कळलं. दोन्हीकडून सारखा दिसावा म्हणून. रोज समोर बसून मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि खिशांवर वाघाची तोंडं काढणाऱ्या माणसाला ते चहा यायच्या आत दिसलं होतं. आपली चूक कळली की शहाणा माणूस माफी मागतो. मी आवाज चढवला. लोक अक्षता टाकायच्या घाईत असतात, कोण बघतंय, एवढ्याशा कापडासाठी माझी अर्धी रजा गेली, असं बरंच बोललो. 'एवढंसं कापड' हे दोनदा बोललो. तिने घडी घातली आणि केळवणाच्या वाटाण्यांची पिशवी घेऊन सोलायला बसली.

गुरुवारी दुपारी इलेक्ट्रिशियन आला, वायर जोडून गेला. भगदाडासमोर मी कपाट सरकवलं. संध्याकाळी पाहुणे आले, बहिणीची ओटी भरून झाली, पंगत उठली, आणि आत्याने अंतरपाट मागवला. चष्मा लावून तिने तो मांडीवर पसरला.

"ही बाजू किती सफाईदार आहे गं," ती मशीनच्या वेलीवरून हात फिरवत म्हणाली. मग डावीकडे वळली. "ही जरा हाताची वाटते. होतं असं. घाईत टाका पुढेमागे होतो."

बहिणीने दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"दादा, हे तू केलंस?"

मी मुखशुद्धीच्या डब्यात बडीशेप शोधायला लागलो. बायको आत गेली, दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवलं.

"हे उसवा."

"अगं, एवढं चांगलं झालंय," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, तुम्ही पान घ्या," बायको म्हणाली.

मी तिथेच उसवायला बसलो. शुक्रवारी रजा, शनिवारीही रजा. मशीनचा टाका मुंगीच्या चाव्यासारखा असतो, कापड सोडत नाही. दोऱ्याला शिव्या दिल्या, त्या कारागिराला दिल्या, आणि सर्वांत जास्त त्या म्हाताऱ्याला, कारण त्याने मला सांगितलं होतं. एका पानापाशी ब्लेड घसरलं आणि कापडच कापलं गेलं. मी ते तिला दाखवलं. तिने रफू केलं, माझ्याकडे न बघता. शनिवारी दुपारी कापड मोकळं झालं. उजव्या अंगाला वेलीच्या आकाराची नुसती भोकं उरली. तिने संध्याकाळपर्यंत तीन पानं भरली, आणि दोरा तोडून सुई रिळात खोचली.

रविवारी अंतरपाट धरताना उजवं टोक माझ्या हातात आलं. मंगलाष्टकं चालू असताना आत्या मागून हळूच म्हणाली, "अर्धाच आहे की."

"हो, अर्धाच आहे," बायको म्हणाली, हळू नाही.

पाठवणीच्या आधी बहिणीने अंतरपाट मागून घेतला. "वहिनी, राहिलेली वेल मी भरू? तू शिकवलेल्या टाक्यानेच भरते."

"नको. आहे तसा ठेव. कुणी विचारलं तर सांग, ती बाजू आमच्या दादाने केली आहे."

बहीण हसली, नवरदेव हसला, मीही हसलो. बायको हसली नाही.