मी आईचं मराठी सुधारलं

मला स्टार्टअप या शब्दाचा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणाला उगाच भली बाई वाटायला नको. पूर्वी माणसं धंदा काढायची, बुडायची आणि गप्प बसायची. आता बुडायच्या आधी मुलाखत देतात, आणि बुडाल्यावर खूप शिकायला मिळालं असं सांगतात. माझ्या धाकट्या बहिणीनं भिलाईत खुर्सीपारच्या आमच्या घरात, बाबा गेल्यावर रिकाम्या पडलेल्या खोलीत, दोन टेबलं आणि एक पांढरा फळा लावून असलाच स्टार्टअप काढला, तेव्हा मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतो. तो टिकला. माझ्या पोटदुखीची सुरुवात तिथून झाली.

काम तसं साधं होतं. एक फोन नंबर. ज्याला वाचायचा कंटाळा किंवा ज्याला वाचताच येत नाही, त्यानं तो लावायचा आणि तोंडानं विचारायचं. माझं नाव यादीत आहे का, मत टाकायला कुठल्या शाळेत जायचं, हा उभा राहिलेला माणूस मागच्या खेपेला काय काय कबूल करून गेला होता. पलीकडून माणसाच्या आवाजात आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं उत्तर यायचं. हिंदीत होतं, छत्तीसगढीत होतं. विदर्भातून इथल्या स्टील प्लांटच्या आणि रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या आमच्यासारख्या घरांतल्या म्हाताऱ्यांसाठी म्हणून तिनं मराठीही ठेवलं. मराठीचा आवाज आमच्या आईचा.

आता माझी बाजू ऐका. आमच्या घरात राजकारण हे खातं माझं होतं. मी दोन गल्ल्या सोडून वेगळी राहते, कुम्हारीच्या एका शाळेत शिकवते, रोज बसनं जाते-येते, आणि नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देऊन मराठीत एम. ए. केलं आहे. निवडणूक लागली की आई भाजी निवडता निवडता मला विचारायची, "कोणाले टाकाव वं यंदा?" मी जाहीरनामे वाचून दाखवायची आणि वर माझी मतं सांगायची. मतं माझ्याकडे भरपूर. आमच्या वस्तीत गटारी फक्त मतदानाच्या आधी साफ होतात, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. विहारात येऊन एक वाक्य मराठीत बोलणाऱ्या उमेदवारावर आपले लोक कसे पाघळतात, तोच माणूस पुढच्या गल्लीत तेलुगू वाक्य पाठ करून जातो, आणि पाच वर्षं त्याला दोन्ही भाषा आठवत नाहीत. आई हसायची. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मी दरवर्षी लेख लिहिते, पण लोक स्मरणिका उघडतात ते स्वतःचा फोटो शोधायला. शाळेतल्या बायकांना मालिकांखेरीज विषय नाही. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या बहिणीनं फोनवर बसवलं.

एका निवडणुकीला मी नेहमीसारखी कागद घेऊन गेले तर आई म्हणाली, "राहू दे, मी लावून पाह्यलं." म्हणजे तिनं तो नंबर फिरवून स्वतःच्याच आवाजात उत्तर ऐकलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. मी हसले. हसले म्हणजे दात दाखवले.

त्यातून रीलचा प्रकार झाला. त्या उत्तरांत आईनं आपल्या मनानं एक वाक्य घातलं होतं, "मत मागाले येता, मंग पाच वर्ष कावून नाही येत?" कावून म्हणजे का. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. कुणीतरी ते उचललं आणि पोरापोरींनी त्याची धूळधाण केली. रुसलेल्या नवरीच्या तोंडी ते, उशिरा आलेल्या पाणीपुरीवाल्याला ते, रायपूरला जाणारी बस चुकली की ते. रसमड्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी बंद पडलेल्या क्रेनसमोर उभं राहून ते वाजवलं. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याच आईच्या आवाजावर ओठ हलवत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. लोकप्रिय गोष्टींबद्दल माझं मत असं की त्यांना अर्थ लागत नाही, आवाज पुरतो. हे मत मी त्या बसमध्ये तयार केलं, त्यामुळे ते कितपत निर्मळ आहे मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसत होतं की मराठीसाठी इतकी वर्षं झिजले मी, आणि भिलाईत मराठी गाजलं ते एका अशुद्ध शब्दानं.

अशुद्ध हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. लहानपणी जयंतीच्या भाषणस्पर्धेत मी "मले असं वाटते" अशी सुरुवात केली होती. बाहेरून आलेले पाहुणे हसले. वाईट हेतूनं हसले नसतील, पण हसले. त्या वर्षानंतर मी घरात, दारात, कुठेही मले म्हटलं नाही. मला, तुला, का, करते आहे. आई मला कौतुकानं "आमची पुणेवाली" म्हणायची. धाकटी मात्र आईसारखंच बोलत राहिली, अर्धं हिंदीत. तिला लाज कशी ती वाटली नाही, आणि ज्याची लाज मी धरली त्यावर तिनं कंपनी उभी केली. हे मला अजून गिळता आलेलं नाही.

पुढच्या निवडणुकीच्या आधी ती माझ्याकडे आली. नवी उत्तरं बरीच करायची होती, तिला मराठी नीट लिहिता येत नव्हतं. म्हणाली, "ताई, तू लिहून देशील का? फक्त आईच्या तोंडून जाईल असं लिही." तिनं मला विचारलं याचा मला इतका आनंद झाला की तिचं दुसरं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आठवडाभर शाळेतून आल्यावर लिहीत बसले. आपले नाव मतदार यादीत समाविष्ट आहे. आपले मतदान केंद्र अमुक शाळा हे आहे. सदर उमेदवाराने गतवेळी पुढील आश्वासने दिली होती. एकेक वाक्य इस्त्री केलेलं. आईच्या तोंडून ते जाणार नाही हे मला ठाऊक होतं का? होतं. आईला बोलतं करून धाकटी मोठी झाली, मग आईला शुद्ध बोलतं करून मी का नको, असा माझा हिशेब होता. त्याला मी भाषेची सेवा म्हणत होते.

रेकॉर्डिंग त्याच खोलीत झालं. कूलर बंद, खिडकीला गादी टेकवलेली, बाहेर प्रचाराची ऑटो ओरडत गेली की थांबायचं. आईला भरभर वाचता येत नाही, म्हणून मी आधी म्हणायचं आणि तिनं मागून म्हणायचं असं ठरलं. धाकटी यंत्राजवळ होती, पण तिला सारखे फोन येत होते, ती बाहेर गेली. मग खोलीत आम्ही दोघीच.

"मले विचारा" असं आई म्हणाली. मी म्हटलं, "मला." तिनं परत केलं, परत मले. मी परत थांबवलं. शाळा या शब्दावर तर फार वेळ गेला, कारण आईच्या तोंडात ती शाया आहे, आणि मी तिला जीभ कुठे वळवायची ते बोटानं दाखवत होते. समाविष्ट तिला जमेना. गतवेळी म्हणताना ती प्रत्येक वेळी अडली. मी आवाज चढवला नाही, मी शिक्षिका आहे, मला चढवावा लागत नाही. सुरुवातीला ती स्वतःच्या चुकीवर हसत होती. मग हसणं बंद झालं. घाम पुसायला पदर उचलायची आणि मी म्हणायची, पदराचा आवाज येतो. खोटं बोलत नाही, मला तिथे बरं वाटत होतं. साऱ्या गावाला आवडलेला तो आवाज माझ्यापुढे चुकत होता.

सगळं संपल्यावर आई उठली नाही. गादीकडे बघत म्हणाली, "इतके वर्ष मी तुमाले गलत बोली शिकवली का वं?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "गलत असं नाही आई, बोली आहे ती. चारचौघांत चालत नाही एवढंच."

ती बरं म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

निवडणूक तोंडावर होती, म्हणून धाकटीनं तेच लावलं. दोन दिवसांत लोक विचारायला लागले, त्या मावशीची तब्येत बरी नाही का. कुणी म्हणालं, बाईच्या मागे कोणी उभं आहे असं वाटते. धाकटीनं माझे कागद वाचले. सरळ आईकडे गेली, पुन्हा तुझ्या मनानं बोल म्हणाली. आईनं मान हलवली. मला येत नाही म्हणाली. मले नाही, मला. धाकटीनं हे मला सांगितलं तेव्हा ती रडत होती. शेवटी शेजारच्या मावशीच्या आवाजात सगळं नव्यानं केलं, आणि ते बरं चाललं. माझ्यावाचून कुठेच काही अडलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी आईला न्यायला गेले. दारात असताना ती कामासाठी बाहेर गेलेल्या धाकटीशी फोनवर बोलत होती, तोंडभर, कुणी ऐकत नाही असं समजून. जेवली का वं, कावून नाही जेवली, किती बारीक होऊन राहिली तू. मी आत आले, तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आ गई बेटा? चाय बना दूँ?"

मला वाटलं, घाईत निघालं असेल. पण रांगेत उभं राहिल्यावरही हिंदी, परत येतानाही हिंदी. त्याला आता बरेच महिने झाले. आई माझ्याशी हिंदीतच बोलते. रागानं नाही, राग असता तर मी भांडून मोकळी झाले असते. हिंदी तिचीही तशी मोडकीच आहे, पण हिंदीत मी तिला कधी थांबवलेलं नाही. धाकटीशी ती पूर्वीसारखी बोलते. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून ऐकू येतं, आणि माझा जळफळाट होतो. बहिणीच्या कंपनीचा नाही, रीलचा नाही. त्या बोलण्याचा होतो.

गेल्या रविवारी मी धीर केला. जेवायच्या वेळी गेले, आईजवळ बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, "आई, मले लय भूक लागून राहिली."

आईनं ताट पुढे सरकवलं. माझ्याकडे बघितलं, आणि पाठ केलेलं बरोबर आहे ना हे विचारावं तशी म्हणाली, "मला बोलते है ना, बेटा?"